चाचणीच्या यादीत कोणती नावं भराल?

शिक्षक मित्रांनो, शाळेच्या नेटवर्कवर मुलांची लॉगिन-यादी सुरू करण्याआधी ती खोट्या नावांनी भरून तपासा. खऱ्या मुलांचे आधार क्रमांक चाचणीत नकोतच. ईमेलसाठी एक्झाम्पल डॉट कॉम वापरा. हे नाव १९९९ पासून अशाच कामांसाठी राखून ठेवलंय.

पण 'राम गणपत पाटील' छापाची शंभर नावं भरून काही कळत नाही. चाकण-भोसरीत बिहार, ओडिशातून आलेल्या कुटुंबांतली मुलं कधी 'काजल कुमारी', कधी नुसतीच 'काजल' असतात. एलडॅप पद्धतीच्या यादीत मात्र आडनावाचा रकाना सक्तीचा. रिकामा ठेवला की नोंदच होत नाही. मग कुणीतरी घाईत तिथे टिंब टाकतं, आणि छापील यादीत मुलीचं आडनाव टिंब!

म्हणून एकशब्दी नावं, एकाच वर्गातल्या दोन काजल मुद्दाम घाला. आडनाव नसेल तिथे नावच पुन्हा लिहायचं, हे आधीच ठरवा.