१,४२,८५७ : गंमत दाखवा, पण कारणही सांगा



सहा अंकी संख्यांचे वाचन-लेखन झाले की गुणाकाराच्या सरावासाठी मुलांना ही संख्या जरूर द्या : एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. फक्त सुरुवात बदलते. म्हणून हिला चक्रीय संख्या म्हणतात. आता ७ ने गुणायला सांगा. उत्तर येतं ९९९९९९!

मुलं लगेच 'जादू!' म्हणतात आणि बरेचदा तास इथेच संपतो. पण खरा पाठ इथून पुढे आहे. जादू म्हटलं की मूल 'असं का?' हे विचारायचं थांबतं.

असं का होतं?

फळ्यावर १ ला ७ ने भागा. प्रत्येक बाकीवर एक शून्य देत पुढे चला.

१० ÷ ७ : भाग १, बाकी ३
३० ÷ ७ : भाग ४, बाकी २
२० ÷ ७ : भाग २, बाकी ६
६० ÷ ७ : भाग ८, बाकी ४
४० ÷ ७ : भाग ५, बाकी ५
५० ÷ ७ : भाग ७, बाकी १

बाकी पुन्हा १ आली, म्हणजे सगळं पहिल्यापासून सुरू. भाग वरून खाली वाचा : १, ४, २, ८, ५, ७. आपलीच संख्या!

आता बाकीकडे लक्ष द्या. ७ ने भागताना शून्य सोडून १ ते ६ एवढ्याच बाकी शक्य आहेत आणि इथे त्या सहाही एकेकदा येतात. २ ला ७ ने भागायचं तर २० च्या ओळीपासून वाचायचं : २८५७१४. हीच आपली दुप्पट. तिप्पट हवी तर ३० च्या ओळीपासून वाचा.

प्रत्येक भाजकाला असं जमत नाही. १३ ने भागल्यावर ०७६९२३ मिळतात, पण त्यांची दुप्पट १५३८४६ येते. अंकच बदलले! कारण १२ पैकी सहाच बाकी आल्या. १७ ला मात्र जमतं, तिथे सोळा अंकांचं चक्र तयार होतं.

आणखी थोडी गंमत

• १४२ + ८५७ = ९९९ आणि १४ + २८ + ५७ = ९९.
• १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन भाग करून मिळवा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांचं हे नाव. ते आपल्यासारखेच शिक्षक होते, हे मुलांना आवर्जून सांगा.

पालकांनो, आज घरी मुलांना पाचपट गुणाकार न करता सांगायला लावा. उत्तर बरोबर आलं तरी तेवढ्यावर थांबू नका. 'कसं कळलं?' हेही विचारा. ५० च्या ओळीवर त्याचं बोट गेलं, तर पाठ समजला.