उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?



उन्हाळ्याच्या सुट्टीत सारे घर गावी जाते आणि गाडी दारात उभी राहते. मागे एका सुट्टीत माझी गाडी सव्वा महिना अशीच उभी होती. परतलो त्याच रात्री आईच्या छातीत दुखू लागले. किल्ली फिरवली तर नुसते टक् टक्. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली म्हणून दवाखान्यात वेळेवर पोहोचलो.

गाडी बंद केली तरी ती पुरती झोपत नाही. घड्याळ, चोरीचा अलार्म, रिमोट किल्लीची वाट पाहणारे कुलूप, इंजिनाचा कॉम्प्युटर असे सगळे थोडा थोडा प्रवाह घेतच असतात. समजा, तो ५० मिलिॲम्पियर आहे. आठवीच्या मुलांनी वही काढावी: ०.०५ गुणिले २४, म्हणजे दिवसाला १.२ ॲम्पियर-तास. ३५ ॲम्पियर-तासांची बॅटरी २९ दिवसांत रिकामी! सेल्फ तर त्याच्या बराच आधी हात टेकतो, कारण त्याला एका क्षणी शंभराहून अधिक ॲम्पियर लागतात. शिवाय बॅटरी स्वतःही हळूहळू उतरते, आणि मे महिन्याच्या उन्हात जास्तच.

१८५९ साली फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी ही बॅटरी शोधली. मी हिंदी माध्यमात 'सीसा संचायक सेल' म्हणून शिकलो. मराठीत ते शिसे. शिसे व शिशाचा डायऑक्साइड यांच्या पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या असतात. बॅटरी उतरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. लगेच चार्ज केले तर ते परत विरते. बरेच दिवस तसेच राहिले तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग बॅटरी पूर्ण भरतच नाही. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी समजावी.

पाच मिनिटे जागेवर इंजिन चालवून काही साधत नाही. आठवड्यातून अर्धा तास गाडी फिरवावी. ते जमत नसेल तर ऋण टोकाची वायर काढून ठेवावी. ऋणच आधी का? गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर मोठी ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. लावताना ऋण शेवटी. (मुलांनी हे काम मोठ्यांशिवाय करू नये.)

शाळेच्या व्हॅनची वायर यंदा सुट्टी लागताच काढू. विश्वस्तांनी एक लहान चार्जर मंजूर केला तर तेवढेही करावे लागणार नाही.