भट्टीचं घर करताना

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. रोहण्यातली आमची जागा त्याआधीची, परवान्याची देशी भट्टी, म्हणजे देशी दारूचं दुकान. बंदी आली तशी तिच्यात सरकी-ढेपेची पोती आली आणि पुढे नुसतंच कुलूप. नोकरी संपवून गावी परतल्यावर आम्ही ती विकत घेतली आणि राहतं घर केलं. राज्यात इतरत्र महिलांच्या मतदानात 'आडवी बाटली' ही बंदीची खूण जिंकल्याने दुकानं बंद झाली. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने बंद करावी लागली. ती अट पुढे सैल झाली. अशी एखादी जागा कुणाच्या डोळ्यांसमोर असेल, तर हे अनुभवाचे बोल कामी येतील. साऱ्याचं सार एकच: दुकान रस्त्यावरच्या माणसासाठी बांधलेलं असतं, घर आतल्या माणसासाठी.

१. आधी कागद, मग कुदळ. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद. तो मालकीचा पुरावा नव्हे. दुय्यम निबंधकाकडे जुन्या व्यवहारांचा शोध घ्या आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. गावठाणाची ड्रोन मोजणी स्वामित्व योजनेत झाली असेल तर आखीव पत्रिका मिळवा. बांधकामाची परवानगी आणि वापर बदलल्याची नोंद ग्रामपंचायतीत करून घ्या. आणखी एक गोष्ट. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली. इथलीही कधी उठू शकते, म्हणून या जागेवर दारूविक्रीच्या परवान्याचा कोणताही हक्क विकणाऱ्याने राखलेला नाही, असं वाक्य खरेदीखतात घालून घ्यावं. वकील हसला तरी चालेल.

२. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जागेला द्या. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यासोबत पायाही हलतो. भिंतीला चीर दिसली की लगेच लिंपू नका. चिरेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर चीर जिवंत आहे, पायाकडे बघावं लागेल. दोन्ही ऋतूंत ती शाबूत राहिली, तर चीर जुनी, बुजवून टाका.

३. चुन्याच्या भिंतीला सिमेंटने कोंडू नका. जुन्या विटा आणि चुना ओल ओढतात, तशी सोडतातही. वरून सिमेंटचा जाड गिलावा दिला की ओल आतच राहते, लोणा लागतो आणि गिलाव्याचे पापुद्रे निघतात. चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री आता सहज सापडत नाही. त्याची वाट पाहिली तरी नुकसान नाही.

४. घराचं तोंड फिरवा. भट्टीला समोर रुंद दार, जाळीचा गल्ला आणि मागे आंधळी भिंत असते. गिऱ्हाईक दिसावं आणि माल दिसू नये, अशी ती रचना. राहणाऱ्याला नेमकं उलटं हवं. समोरचं दार आम्ही लहान केलं, गल्ल्याची खिडकी बुजवली आणि परसाकडच्या भिंतीत दार-खिडक्या काढल्या. स्वयंपाकघर कुठे, हे बायकोने ठरवलं. परसाच्या बाजूला, विहीर दिसेल असं. तिथून पुढचा सगळा नकाशा आपोआप ठरला. मात्र भार पेलणाऱ्या भिंतीला भोक पाडण्याआधी वर लिंटेलची सोय करा, खालून टेकू द्या आणि अभियंत्याला दाखवा.

५. कवेलू काढायची घाई नको. वानरं कवेलू फोडतात, म्हणून गावोगावी लोक टिना टाकतात. मग मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की त्या टिनाखाली दुपार काढणं म्हणजे तव्यावर बसणं. आम्ही सागवानी फाटे ठोकून पाहिले, उधई लागलेले बदलले, फुटकी कवेलू काढली आणि खालून बांबूचे तट्टे मारले. दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरावी लागतात. तो खर्च धरून चाला.

६. संडास-मोरी शून्यापासून धरा. दुकानाला त्यांची गरज नव्हती, म्हणून नळ नाही, उतार नाही, नालीही नाही. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, तेव्हा शोषखड्डा मोठा घ्या आणि विहिरीपासून लांब, उताराच्या अंगाला खोदा. बजेट करताना लोक रंग-फरशीचा हिशेब आधी धरतात. खरा पैसा जमिनीखाली जातो.

७. मीटर घरगुती करून घ्या. दुकानाची जोडणी वाणिज्यिक दराची असते आणि तो दर घरगुतीपेक्षा महाग. राहायला गेल्यावर महावितरणकडे वापर बदलण्याचा अर्ज द्या. जागेवर जुनी थकबाकी आहे का, हे मात्र खरेदीआधीच विचारा.

८. गावाची आठवण पुसायला जाऊ नका. पुलगाव-आर्वी छोट्या रेल्वेच्या काळात कापूस विकून आलेला पैसा कुठे मुरायचा, हे म्हाताऱ्या बायांना पक्कं ठाऊक आहे. आमच्या घराचा पत्ता आजही 'भट्टीपाशी' असाच सांगतात. इंग्लंडमध्ये गावचा पब बंद व्हायला लागला की २०११ च्या एका कायद्याचा आधार घेऊन रहिवाशांचा गट त्याची गावाची ठेव म्हणून नोंद करण्याची मागणी करू शकतो. आपल्याकडे भट्टी गेली म्हणून डोळे पुसणारी बाई मला भेटली नाही. पण बसायला जागा गावाला लागतेच. म्हणून समोरचा ओटा आम्ही पाडला नाही. सकाळी तिथे पेपर वाचला जातो, संध्याकाळी कापसाच्या भावावर वाद होतो.

९. स्वस्त मिळते एवढ्यासाठी घेऊ नका. अशी जागा कमी भावात मिळते आणि वाचलेला पैसा दुरुस्ती खाऊन टाकते. वर्षातून चार दिवस येऊन राहणाऱ्याला ही जागा परवडणार नाही. इथेच राहायचं असेल, तर मात्र जरूर घ्या.

गावातल्या मंडळींना एकच सांगणं. कायद्याने दुकान बंद होतं, धंदा बंद होत नाही. वर्धा नदीच्या पलीकडे दारू मिळते आणि चोरून इकडे येते, हे सगळ्यांना माहीत आहे. कुलूप लावलेली, दिवा न लागणारी इमारत अशा धंद्याला सोयीची. तुमच्या गावात अशी जागा रिकामी पडली असेल, तर तिथे कुणीतरी राहायला जाईल असं बघा.