रोबोचा जड आर्म रबरबँडने हलका करा

आर्म उचलताना मोटार कण्हते, तापते, मधेच थांबते? लगेच नवी मोटार घेऊ नका, आधी रबरबँड लावून बघूया. चला, रोबो टेबलावर घ्या.

साहित्य: एकाच मापाचे १२ रबरबँड, ४ लांब स्क्रू आणि नट, रिकाम्या बॉलपेनची नळी, वीट, छोटी पिशवी, हिरव्या मिरच्या, वजनकाटा, गॉगल आणि मदतीला एक मित्र किंवा मैत्रीण.

कृती

१. रोबो स्पर्धेत उतरवणार असाल, तर आधी स्पर्धेचे नियम वाचा. व्हेक्स रोबो स्पर्धेत ३२ आणि ६४ नंबरचे रबरबँड चालतात. ६४ नंबरचा साडेतीन इंच लांब, पाव इंच रुंद असतो. भलत्या मापाचा लावलात तर तपासणीत अडकाल.

२. बॅटरी काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

३. गॉगल लावा. तुटलेला रबरबँड थेट डोळ्याकडे येऊ शकतो.

४. आर्मखाली वीट ठेवा. नाहीतर पुढच्या पायरीला आर्म धाडकन आपटेल.

५. मोटार आणि आर्म जोडणारा गियर किंवा चेन सोडवा. आर्म शाफ्टवर मोकळा फिरायला हवा. अडकत असेल तर आधी घट्ट नट सैल करा.

६. आर्म ज्या खांबावर बसवलाय त्याच्या दोन्ही बाजूंना, शाफ्टच्या बरोबर वर १५ सेंमीवर एकेक स्क्रू बसवा.

७. आर्मच्या दोन्ही बाजूंना, शाफ्टपासून १० सेंमीवर एकेक स्क्रू बसवा. अंतरं मोजूनच घ्या. कमीजास्त झाली तर आर्म तिरका होतो.

८. चारही स्क्रूंवर पेनच्या नळीचे तुकडे चढवा. उघडे आटे रबर कापतात.

९. स्पर्धेत उचलायच्या वस्तूचं वजन करा.

१०. त्याच्या निम्म्या वजनाच्या हिरव्या मिरच्या पिशवीत भरा. वस्तू २०० ग्रॅमची, तर पिशवीसकट १०० ग्रॅम. फक्त मिरचीचा हात डोळ्याला लावू नका.

११. पिशवी आर्मच्या टोकाला बांधा.

१२. डावीकडे एक, उजवीकडे एक असा रबरबँड वरच्या स्क्रूपासून आर्मच्या स्क्रूपर्यंत ताणून अडकवा. चेहरा बाजूला ठेवा.

१३. आर्म आडवा धरून अलगद सोडा. खाली तळहात तयार ठेवा.

१४. आर्म पडला तर एक जोडी वाढवा, वर उसळला तर एक जोडी काढा. जिथे सोडाल तिथे तो तरंगला की जमलं!

१५. आर्म पूर्ण वर न्या. रबरबँड लोंबकळून गियरमध्ये अडकत असेल, तर वरचे स्क्रू एक भोक वर घ्या आणि १३वी पायरी पुन्हा करा.

१६. वीट काढून आर्म पूर्ण खाली आणा. रबरबँड मूळ लांबीच्या तिपटीपेक्षा जास्त ताणला गेला, तर आर्मवरचे स्क्रू शाफ्टकडे सरकवा आणि १३वी पायरी पुन्हा करा.

१७. मित्राला आर्म दाबून धरायला सांगून पिशवी सोडा. रिकामा आर्म लगेच वर उठतो.

१८. गियर किंवा चेन पुन्हा जोडा.

१९. बॅटरी लावा.

२०. खरी वस्तू घेऊन आर्म दहा वेळा वरखाली करा. वर जाताना अडखळला तर एक जोडी वाढवा. रिकामा खाली येताना अडखळला तर एक जोडी काढा.

२१. सराव संपला की आर्म धरून रबरबँडचं एक टोक सोडा. ताणून ठेवलेलं रबर रात्रीत ढिलं पडतं.

२२. रबरबँड उन्हापासून दूर, डब्यात ठेवा. भेग दिसली की तो टाका आणि समोरच्या बाजूचाही बदला.

स्पर्धेला जाताना त्याच मापाच्या रबरबँडच्या दोन जोड्या जास्तीच्या घ्या. आता मोटार कण्हणार नाही!