संगणकीय साधनांचे सुस्पष्ट वर्णन : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरातील एक मूलभूत प्रश्न

जबलपूरनजीकचा तिलवारा घाट नर्मदेवरील बरगी धरणाच्या खालच्या अंगास आहे. १९९० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या या धरणास २१ दरवाजे असून त्याची पूर्ण संचय पातळी ४२२.७६ मीटर आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की घाटावरील पाणी चढते. अशा वेळी नावाडी, दुकानदार व भाविक यांच्या दृष्टीने ‘आज घाटावर जाणे सुरक्षित आहे काय?’ हा प्रश्न जीविताशी निगडित असतो. उद्या हाच प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित एजंटला विचारला गेला, तर अचूक उत्तर कशावर अवलंबून राहील?

एजंट आणि साधन

भाषा-प्रारूपाला धरणाची आजची स्थिती स्वतःहून ठाऊक नसते. ती मिळविण्यासाठी त्याला बाहेरील साधनांचा आधार घ्यावा लागतो. साधन म्हणजे एखादे ठरावीक काम करणारी आज्ञावली. उदाहरणार्थ, पातळी सांगणारी, बाजारभाव आणणारी किंवा संदेश पाठविणारी. कोणते साधन केव्हा वापरावयाचे हे ठरवून काम पार पाडणाऱ्या प्रणालीस एजंट म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या मानकात प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या माहितीचा आराखडा देण्याची सोय आहे. या मजकुरावरूनच एजंट साधनाची निवड करतो. मानवी प्रोग्रामरला शंका आल्यास तो सहकाऱ्यास विचारू शकतो; एजंटपुढे बहुधा लिहिलेले वर्णन तेवढेच असते.

संदिग्धतेचे परिणाम

समजा, एका साधनाचे वर्णन ‘बरगीची पाणीपातळी सांगते’ एवढेच आहे. धरणाचे दरवाजे उघडले असता जलाशयाची पातळी उतरू शकते आणि त्याच वेळी तिलवाऱ्याला नदीची पातळी चढत असते. एजंटने जलाशयाची पातळी हीच घाटाची पातळी मानली, तर पाणी ओसरत असल्याचे उलट उत्तर तो देईल. आकडा खरा, पण निष्कर्ष घातक, अशी ही स्थिती होय.

दुसरा प्रश्न एककाचा आहे. विसर्ग ‘५०००’ एवढाच कळविला, तर तो क्युसेक म्हणजे घनफूट प्रतिसेकंद, की क्युमेक म्हणजे घनमीटर प्रतिसेकंद? एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. त्यामुळे ५००० क्युमेकचा विसर्ग सुमारे १ लाख ७६ हजार क्युसेक इतका प्रचंड ठरतो. महाराष्ट्रातही कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट अशी फुटांत सांगितली जाते. स्थानिक माणसास हे संकेत पाठ असतात. यंत्राला ते लिहूनच द्यावे लागतात. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नष्ट झाले, त्यामागेही दोन संगणकप्रणालींमधील ब्रिटिश व मेट्रिक एककांची गल्लत होती.

तिसरी बाब अनुपलब्ध माहितीची. मोजमाप झाले नसताना साधनाने ‘शून्य’ कळविले, तर ‘विसर्ग नाही’ असा त्याचा अर्थ लावला जाईल. ‘नोंद उपलब्ध नाही’ आणि ‘शून्य’ ही दोन भिन्न विधाने आहेत.

चांगल्या वर्णनाचे घटक

उपरोक्त साधनाचे सुधारित वर्णन असे करता येईल : ‘बरगी जलाशयाची समुद्रसपाटीपासूनची पातळी मीटरमध्ये आणि धरणातून सोडलेला विसर्ग क्युमेकमध्ये सांगते. प्रत्येक नोंदीसोबत मोजणीची भारतीय प्रमाणवेळ देते. तिलवारा घाटावरील नदीची पातळी सांगत नाही. नोंद नसल्यास तसे कळविते. शून्य देत नाही.’ यातील ‘सांगत नाही’ हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण साधनाची मर्यादा कळल्यानेच चुकीचा वापर टळतो.

याखेरीज साधन केवळ माहिती वाचते की काही बदलही घडविते, हे नमूद असावे. पातळी पाहणे आणि हजारो नागरिकांना इशारा पाठविणे यांत मूलभूत फरक आहे; दुसऱ्या कृतीपूर्वी जबाबदार अधिकाऱ्याची संमती आवश्यक ठरते. चूक झाल्यास मिळणारा संदेशही पुढे काय करावे हे सांगणारा हवा. मात्र वर्णन अकारण लांबविल्यास महत्त्वाची सूचना गर्दीत हरवते. तसेच अनोळखी स्रोताकडून आलेल्या वर्णनात दिशाभूल करणाऱ्या सूचना दडविलेल्या असू शकतात, म्हणून त्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही.

अर्थशास्त्रीय बाजू

सुस्पष्ट वर्णनास सार्वजनिक वस्तूचे गुणधर्म आहेत. ते लिहिण्याचा खर्च मुख्यतः एकदाच येतो आणि एकाने वापरल्याने दुसऱ्याचा लाभ घटत नाही. उलटपक्षी, संदिग्ध वर्णनाची किंमत लिहिणाऱ्याला नव्हे, तर घाटावरील त्रयस्थ नागरिकाला मोजावी लागते. यास नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात. लाभ सर्वांचा व खर्च एकाचा असल्याने असे लेखन अपुरे राहते आणि म्हणूनच शासकीय धोरणाची गरज भासते.

भारतात या दिशेने आधारभूत चौकट तयार झाली आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती प्रकट करण्याचे बंधन आहे. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती सामायीकरण व सुलभता धोरणाने शासकीय आकडेवारी खुली करण्यास चालना दिली, तर २०१५ मध्ये शासनाच्या खुल्या एपीआयविषयीचे धोरण जाहीर झाले. आकडे खुले करणे हा पहिला टप्पा होता. त्या आकड्यांचा अर्थ, एकक, वेळ व मर्यादा यंत्रालाही चुकीशिवाय कळतील अशा रीतीने लिहिणे हा दुसरा टप्पा आहे. तिलवाऱ्याच्या नावाड्याला उपयोग होईल तो या दुसऱ्या टप्प्याचाच.