आवाज हलवताना

मुलाखतींवर आधारलेल्या माहितीपटांचं संकलन हे माझं काम. त्यात चित्रापेक्षा आवाजाच्याच क्लिप जास्त हलवाव्या लागतात. लेपल माईक एका ट्रॅकवर, बूम दुसऱ्यावर, निवेदन तिसऱ्यावर, परिसराचे आवाज त्याखाली. प्रीमियर प्रोमध्ये ही मांडणी करता करता काही गोष्टी मनात घट्ट बसल्या. त्या इथे मांडते.

१. क्लिप खाली न्यायची असते, पण धोका बाजूचा असतो. ओढताना माऊस जरासा सरकतो आणि आवाज दोन फ्रेम अलीकडे बसतो. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमनी चालतं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज ओठांच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला ते जाणवायला लागतं, मागे पडला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची प्रसारणासाठीची शिफारस सांगते. एवढा फरक का, याचं मला फार नवल वाटलं होतं. उत्तर रोजच्या जगण्यातच आहे. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो. आवाज उशिरा येण्याची कानाला जन्मापासून सवय आहे, आधी येण्याची नाही. म्हणून डावीकडे गेलेल्या दोन फ्रेम उजवीकडे गेलेल्या दोन फ्रेमपेक्षा जास्त नुकसान करतात. बघणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण समोर मनापासून बोलणारी बाई त्याला उगाच परकी वाटू लागते.

२. हाताच्या स्थिरतेवर भरवसा ठेवण्यापेक्षा कळफलक बरा. शिफ्ट दाबून ओढलं की क्लिप सरळ वर-खालीच जाते, वेळ बदलत नाही. त्याहून मला आवडतं ते म्हणजे फक्त आवाज निवडून ऑल्ट आणि वरचा किंवा खालचा बाण दाबणं. मॅकवर ऑल्टच्या जागी ऑप्शन. एक मात्र ध्यानात ठेवावं लागतं: ऑल्ट दाबून माऊसने ओढलं तर क्लिप हलत नाही, तिची प्रत तयार होते. एकाच आवाजाच्या दोन प्रती तंतोतंत एकावर एक आल्या की तो आवाज सहा डेसिबलने चढतो, आणि कारण शोधताना आपण भलत्याच फेडरकडे बघत बसतो.

३. चित्र आणि आवाज यांची लिंक तोडण्याची गरज वाटते तितकी नसते. लिंक असलेल्या क्लिपचा फक्त आवाज हवा असेल तर ऑल्ट धरून त्यावर क्लिक केलं की तेवढाच निवडला जातो. लिंक शाबूत असेल आणि आवाज सरकला, तर क्लिपवर लाल चौकटीत किती फ्रेमचा फरक पडला तो आकडा दिसतो. लिंक तोडली की ही खूणही जाते. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज मुळात चित्राशी जोडलेलाच नसतो. तो जुळवून झाला की लगेच लिंक करून टाकावा.

४. ज्या ट्रॅकवर आपण जातो तिथे आधीच कुणीतरी राहत असतं. प्रीमियरमध्ये ओढून सोडलेली क्लिप खालचा आवाज पुसून स्वतः बसते. इशारा नाही, विचारणा नाही. सगळं वाक्य गेलं तर ते लक्षात येतं. पण बहुतेकदा जातो तो वाक्याच्या शेवटचा श्वास, किंवा खोलीची शांतता. एखादी आजी नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोलून थांबते, तेव्हा त्या थांबण्यातच तिचं सांगणं पुरं होतं. ते कापलं गेलं तर मुलाखत राहते, आजी जाते. मी आता खाली एक रिकामा ट्रॅक कायम ठेवते. क्लिप आधी तिथे उतरवायची, आजूबाजूला ऐकायचं, मग घरी पोचवायची. निवेदन आणि संगीत या काळात कुलूपबंद.

५. क्लिपबरोबर सगळं सामान जात नाही. क्लिपवर लावलेला इफेक्ट आणि तिची पातळी तिच्यासोबत जाते. ट्रॅकवर लावलेला कॉम्प्रेसर, ट्रॅकचं व्हॉल्यूम आणि त्याचे कीफ्रेम मागेच राहतात. म्हणून फ्रेम अचूक असूनही आवाज बदललेला वाटू शकतो. तो नवीन ट्रॅकचा रंग असतो.

६. प्रत्येक ट्रॅक प्रत्येक प्रकारची क्लिप घेईलच असं नाही. ट्रॅक कोणत्या जातीचा आहे ते आधी बघणं, एवढंच.

७. ही सगळी शिस्त पुढच्या माणसासाठी आहे. ध्वनिमिश्रकाकडे टाइमलाइनची एएएफ फाइल जाते तेव्हा संवाद, संगीत आणि इफेक्ट आपापल्या ट्रॅकवर हवेत. पुढे दुसऱ्या भाषेत डबिंग व्हायचं असेल तर संवाद काढून बाकीचं वेगळं देता यायला हवं. तिथे संवादाच्या ट्रॅकवर एक दार वाजलं, तरी ते दार नव्या भाषेतून गायब होतं.

तुम्ही दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर कळा वेगळ्या असतील. सरळ वर-खाली नेणारी कळ आणि ट्रॅकचं कुलूप, एवढ्या दोन गोष्टी पुढचं काम हातात घेण्याआधी शोधून ठेवा. आणि क्लिप हलवली की तिच्या शेवटानंतरचे दोन सेकंदही ऐका.