सारसासाठी चालायला निघताय तर

पोरांनो, दरेकसाहून निघायचं, कचारगड चढून उतरायचा आणि गोंदियाला वळसा घालून परसवाडा-झिलमिलीच्या तलावांपर्यंत पायी जायचं, वाटेत सारसासाठी पैसे जमवायचे, हा तुमचा बेत मला मनापासून आवडला. आपल्या जिल्ह्यातल्या मोजणीत सारस गेल्या काही वर्षांत पन्नासही भरलेले नाहीत. तेव्हा चालाच. फक्त काही गोष्टी ऐकून घ्या.

पावसाळ्यात निघू नका. त्या दिवसांत सारसाची जोडी भर बांधीत काड्याकुड्यांचं घरटं रचते, बहुधा दोन अंडी घालते आणि महिनाभर नर-मादी आळीपाळीनं ती उबवतात. फोटोसाठी तुम्ही धुऱ्यावरून चार पावलं पुढं सरकलात की पक्षी उठतो, अंडी उघडी पडतात आणि कावळा टपलेलाच असतो. धान कापून झाल्यावर, मार्गशीर्ष-पौषात निघा. तेव्हा पिल्लू घेऊन चरणारी जोडी लांबूनही दिसते. चैत्रही नको. मोहफुलं पडतात त्या झाडाखाली पहाटे अस्वल येतं.

गावातली कुत्री मागं लागली तर तिथूनच परत पाठवा. लाडानं बिस्किटं टाकलीत तर ती तलावापर्यंत येतील आणि पिल्लांच्या मागं धावतील.

नागझिरा-नवेगावमधूनही चालत जाऊ, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तो व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. सालेकशाच्या डोंगरात शिरण्याआधीही वनविभागाला आणि पोलीस ठाण्याला कळवा. गावातला एक माहीतगार सोबत घ्या आणि त्याची मजुरी रोज संध्याकाळी हातावर ठेवा. कचारगड हे गोंड समाजाचं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेला देशभरातून माणसं येतात. तिथं तुमचे फलक, घोषणा काही नको. गुहेत शांतपणे जा, शांतपणे या.

आता पैशांचं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. किलोमीटरमागे इतके रुपये, असा शब्द कुणाकडून घेऊ नका. पायाला फोड आले तरी आकड्यापायी पोर चालत राहतं. ठरावीक रक्कम आधीच मागा. पैसे कुणा एकाच्या खात्यात नकोत. नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावानं घ्या, पावती द्या, धर्मादाय कार्यालयात कळवा. बूट, जेवण, गाडीभाडं तुमच्या खिशातून. सारसाच्या नावानं आलेल्या पैशातला चहासुद्धा पिऊ नका.

आणि ते पैसे जायचे कुठं, हे निघण्याआधी ठरवा. माझं मत विचाराल तर पहिला हक्क शेतकऱ्याचा. घरटं त्याच्या बांधीत असतं. त्याच्याभोवतीचं धान तो सोडतो, फवारणी थांबवतो, पोरं-गुरं लांब ठेवतो. गोंदियाची सेवा संस्था कित्येक वर्षं शेतकऱ्यांना सोबत घेऊनच हे काम करत आली आहे, त्यांच्याशी आधी बोला. विजेच्या तारांना धडकूनही सारस मरतात. पण त्या तारा नीट करणं वीज कंपनीचं काम. त्यासाठी वर्गणी खर्चू नका, गावोगावच्या सह्या घेऊन अर्ज द्या.

वाटेत जखमी सारस किंवा हरीण दिसलं तर उचलू नका, तोंडात पाणी ओतू नका. गर्दी मागं सारा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. गाय-बैल असेल तर १९६२, जनावरांचा फिरता दवाखाना. दोन्ही नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण डोंगरात मोबाईलची बॅटरी लवकर उतरते. रेंज नसेल तर दोघं जण गावाकडं धावा, बाकीचे तिथंच थांबा.

परत आलात की महिनाभरात हिशेब मांडा. किती आले, कुणाच्या शेताला किती दिले, किती उरले, हे ज्या गावांतून चाललात तिथल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. दहा रुपये देणाऱ्या म्हातारीचं नावही त्यात असू द्या.